बाळाचे नाव आणि घराण्याचे आडनाव : एक धम्मविचार

मानवी जीवनात नावाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. मूल जन्माला येते तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे असे काहीही नसते. समाजाकडून त्याला मिळणारी पहिली देणगी म्हणजे त्याचे नाव. ही देणगी ते आयुष्यभर वापरते, मात्र ती निवडण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अधिकार आईवडिलांचा, आजीआजोबांचा असतो. म्हणूनच नामकरण हा केवळ पाळण्याचा आणि पेढ्यांचा कार्यक्रम नाही. ती एक जबाबदारी आहे.

आमच्या समाजबांधवांच्या घरी बाळ जन्मले की दोन प्रश्न निघतात. पहिला प्रश्न सर्वांसमक्ष, आनंदाने विचारला जातो : नाव काय ठेवायचे? दुसरा प्रश्न बहुधा रात्री, आईवडील दोघेच असताना, हळू आवाजात निघतो : आडनाव हेच लावायचे की दुसरे? शाळेत, वसतिगृहात, नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याने खोली घेताना 'पूर्ण नाव सांगा' असे म्हटले जाते. त्या वेळी समोरच्याचे डोळे नावावरून पुढे सरकतात आणि आडनावावर थांबतात. ज्यांना हा अनुभव आहे, त्यांच्या मनात हा दुसरा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. या लेखात आम्ही दोन्ही प्रश्नांचा विचार इतिहासाच्या, धम्मवाङ्मयाच्या आणि आजच्या व्यवहाराच्या आधारे करणार आहोत.

१) नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा होता?

आपल्या देशात नाव ही फार काळ घराची खाजगी बाब नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील ३१ व ३२ या श्लोकांत नामकरणाचे नियम दिले आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक, आणि शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे किळस किंवा तिरस्कार दर्शविणारे असावे, असा तो नियम आहे. नावाच्या दुसऱ्या भागातूनही शूद्राची चाकरी सूचित व्हावी, असे पुढे सांगितले आहे. पाळण्यातल्या लेकराला त्याची पायरी दाखवून देणारी ही व्यवस्था होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याचा हक्क आणि माणुसकीचा हक्क यांच्याबरोबर आपल्या लेकराला चांगले नाव देण्याचा हक्कही त्या दिवशी अप्रत्यक्षपणे मागितला गेला, असे आम्हांस वाटते.

आमच्या पणजोबा-खापरपणजोबांची नावे आठवून पाहावीत. कचरू, धोंडू, दगडू, भिकू, केरू. मात्र विद्यार्थ्यांनी येथे घाईने निष्कर्ष काढू नये. अशी नावे महाराष्ट्रात इतर जातींतही होती. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नव्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलके नाव ठेवत. म्हणजे त्या नावांमागे कधी वरून लादलेला तिरस्कार होता, तर कधी आईच्या पोटातली भीती होती. दोन्हींचे मूळ मात्र एकाच गोष्टीत होते : आपले मूल मानाने जगेल, असा विश्वासच आईवडिलांना नव्हता.

मुलींच्या बाबतीत हा दोष अलीकडेपर्यंत टिकून होता. मुलगा हवा असताना मुलगीच झाली म्हणून तिचे नाव 'नकोशी' किंवा 'नकुशा' ठेवीत. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना एका समारंभात नवी नावे देण्यात आली. आपल्या नावाचा अर्थ 'आम्हांला तू नको होतीस' असा आहे, हे मुलीला शाळेच्या हजेरीत रोज ऐकावे लागत असेल, तर ती वर्गात मान वर करून कशी बसेल?

२) उकिरड्यावरचा जीवक

या पार्श्वभूमीवर विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. राजगृहातील सालवती नावाच्या गणिकेला मुलगा झाला. तिने तो दासीकरवी सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिला. राजपुत्र अभय तेथून जात असता त्याला कावळे जमलेले दिसले. त्याने विचारपूस केली, तेव्हा ते लहान मूल असल्याचे कळले. त्याने विचारले, जिवंत आहे का? सेवकांनी सांगितले, जिवंत आहे. पालीत जिवंत आहे याला 'जीवति' म्हणतात. त्यावरून त्या बाळाचे नाव जीवक पडले. हाच मुलगा पुढे तक्षशिलेला शिकला आणि भगवान बुद्धांचा व भिक्षुसंघाचा वैद्य झाला.

येथे नीट विचार करावा. मूल उकिरड्यावर सापडले होते. एखाद्याने त्याचे नाव कचरू किंवा उकिरड्या ठेवले असते, तर ते घटनेला धरूनच झाले असते. परंतु अभयाने उकिरड्याकडे पाहून नाव दिले नाही, श्वासाकडे पाहून दिले. नाव कसे निवडावे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही. मूल कोठे जन्मले, कोणत्या वस्तीत जन्मले, कितवी मुलगी म्हणून जन्मले, यावरून त्याचे नाव ठरू नये. ते जिवंत आहे आणि वाढणार आहे, यावरून ठरावे.

३) नामसिद्धी जातक

आता एक शंका येईल. नावाला एवढे महत्त्व द्यावे, असे धम्म सांगतो काय? या शंकेचे उत्तर जातककथांतच आहे. नामसिद्धी जातक नावाची कथा अशी :

तक्षशिलेच्या एका आचार्यांकडे पापक नावाचा शिष्य होता. 'पापक, इकडे ये', 'पापक, तिकडे जा' असे दिवसभर ऐकून तो कंटाळला. त्याने आचार्यांना दुसरे नाव मागितले. आचार्य म्हणाले, देशभर हिंडून तुला आवडेल ते नाव शोधून आण. पापक निघाला. एका नगरात प्रेतयात्रा चालली होती. मृताचे नाव विचारले, तर ते जीवक निघाले. पुढे एका दासीला मजुरी आणून न दिल्याबद्दल मार बसत होता. तिचे नाव धनपाली होते. आणखी पुढे एक मनुष्य रानात वाट चुकून भटकत होता. त्याचे नाव पंथक, म्हणजे वाटेचा जाणकार. हे सर्व पाहून पापक परत आला आणि आपले जुने नाव चालेल असे म्हणाला. नाव हे ओळखण्यापुरते असते, सिद्धी कर्माने होते, नावाने नव्हे, हा या कथेचा बोध आहे.

म्हणजे एकीकडे आम्ही म्हणतो की नाव चांगले हवे, आणि दुसरीकडे जातक सांगते की नावाने काही होत नाही. यात विसंगती आहे काय? आमच्या मते नाही. ही कथा नाव वाहणाऱ्यासाठी आहे. तुझे नाव कसेही असले तरी त्यात तू कमी ठरत नाहीस, असा धीर ती त्याला देते. मनूचा नियम मात्र नाव ठेवणाऱ्याविषयी आहे. तिरस्काराचे नाव ठेवणे ही ठेवणाऱ्याची कृती आहे, आणि धम्मात प्रत्येक कृतीची जबाबदारी कर्त्यावर असते. कठोर व अपमानकारक बोलणे सम्यक वाणीत बसत नाही. मग एखाद्याला जन्मभर ऐकावा लागेल असा कठोर शब्द त्याच्या कपाळी लिहिणे कसे बसेल?

म्हणून आमच्या आजोबांचे नाव धोंडिबा किंवा कचरू होते याची आम्हांला मुळीच लाज नाही. याच नावांच्या माणसांनी वर्गणी काढून विहारे उभारली, पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यांनी आपल्या नावांचा अर्थ आपल्या कर्माने बदलून टाकला. आपल्या नातवंडांना मात्र त्यांनी ती नावे दिली नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

४) ठेवलेले नाव आणि मिळविलेले नाव

बुद्धकाळातील पुष्कळ थोर स्त्री-पुरुष जन्मनावाने ओळखले जात नाहीत. जेतवन विहाराचा दाता अनाथपिंडिक याचे मूळ नाव सुदत्त. अनाथांना अन्न देणारा म्हणून लोकांनी त्याला अनाथपिंडिक म्हटले. विशाखा ही सून असूनही तिच्यामुळे सासरा मिगार धम्माकडे वळला, म्हणून तिला मिगारमाता हे नाव मिळाले. परंपरेनुसार अंगुलिमालाचे बालपणीचे नाव अहिंसक होते. भयंकर कर्मांनी त्याने ते नाव खोटे ठरविले, आणि भगवंतांच्या उपदेशाने पालटल्यावर पुन्हा खरे करून दाखविले.

राहुल या नावाची कथा तर सर्वांनी लक्षात ठेवावी. पुत्रजन्माची वार्ता ऐकून सिद्धार्थ 'बंधन निर्माण झाले' असे उद्गारला व त्यावरून राजा शुद्धोदनाने नातवाचे नाव राहुल ठेवले, असे परंपरा सांगते. शब्दाचा अर्थ बंधन; पण राहुल हा शिकण्याची आवड असणाऱ्या भिक्षूंमध्ये अग्र ठरला. आज घराघरात हे नाव प्रेमाने ठेवले जाते. नावाला अर्थ शब्दकोश देतो तसाच नाव धारण करणाराही देतो.

५) आडनाव म्हणजे काय?

मराठी आडनावे तीन-चार प्रकारांनी बनली. गावावरून बनलेली, ज्यांच्या शेवटी 'कर' लागतो. हुद्द्यावरून बनलेली, उदाहरणार्थ कुलकर्णी, देशमुख, पाटील. कुळीवरून आलेली, आणि एखाद्या पूर्वजाच्या टोपणनावावरून किंवा गुणावरून पडलेली. गायकवाड, जाधव, मोरे, पवार, साळवे अशी कितीतरी आडनावे एकाहून अधिक जातींत आहेत. म्हणून केवळ आडनावावरून जात ओळखण्याची सवय ही जशी अन्यायकारक आहे, तशीच पुष्कळदा चुकीचीही ठरते. पूर्वी गावात आडनावाची गरज कमी भासे. महार समाजातील पुरुषांच्या नावापुढे 'नाक' हा प्रत्यय लागे व तीच ओळख असे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर अशी नावे कोरलेली आहेत. पलटणीतील भरती, शाळेचे रजिस्टर, गिरणीतील हजेरी आणि सरकारी दप्तर आले, तसे आडनाव कायमचे झाले.

बाबासाहेबांचे घराणे हेच याचे उत्तम उदाहरण आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाच्या शिक्षकांचा त्यांच्यावर लोभ होता व त्यांचेच आडनाव त्यांना मिळाले, अशी आठवण चरित्रांतून सांगितली जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत झालेल्या प्रवेशाची नोंद 'भिवा रामजी आंबेडकर' अशी आहे. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सकपाळ ते आंबेडकर हा प्रवास एका पिढीत झाला. ज्या आडनावाला आज कोट्यवधी लोक वंदन करतात, ते आकाशातून पडलेले नव्हते. ते शाळेच्या रजिस्टरात शाईने लिहिले गेले आणि एका माणसाच्या विद्वत्तेने व त्यागाने मोठे झाले.

६) धम्म आडनावाविषयी काय सांगतो?

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. वासेट्ठ व भारद्वाज हे दोन तरुण, मनुष्य जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने, असा वाद घेऊन भगवंतांकडे येतात. गंमत अशी, की या दोघांची नावे म्हणजे त्यांची गोत्रेच आहेत. भगवंत त्यांना सांगतात की पशुपक्ष्यांत जशा जाती दिसतात तशा माणसांत नाहीत. नाव व गोत्र ही लोकांनी व्यवहारासाठी ठरविलेली संज्ञा आहे. शेती करणारा शेतकरी, चोरी करणारा चोर. मनुष्य आपल्या कर्माने ओळखावा.

दुसरा दाखला महासागराच्या उपमेचा. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या समुद्राला मिळाल्यावर आपली पूर्वीची नावे व गोत्रे सोडतात आणि केवळ महासागर म्हणून ओळखल्या जातात. त्याचप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर पूर्वीची नावे व गोत्रे सोडून शाक्यपुत्रीय श्रमण म्हणून ओळखले जातात, असे भगवंतांनी सांगितले. कपिलवस्तूचा नापित उपाली आणि राजगृहात निर्माल्य उचलणारा सुनीत यांना संघात जे स्थान मिळाले, ते याच तत्त्वाने.

हा नियम भिक्षूंसाठी आहे. गृहस्थांनी आडनाव लावावे की टाकावे, असा आदेश धम्मात नाही, आणि बावीस प्रतिज्ञांतही नाही. बौद्ध देशांतही एकच एक रीत नाही. म्यानमारमध्ये घराण्याचे आडनाव लावण्याची पद्धत नाही. थायलंडमध्ये आडनाव १९१३ च्या कायद्याने आले. जपानमध्ये सामान्य जनतेला ते १८७५ साली सक्तीचे झाले. श्रीलंकेत डॉन डेव्हिड हेवावितरणे या तरुणाने परकीय छापाचे नाव टाकून धर्मपाल हे नाव स्वीकारले, आणि अनागारिक धर्मपाल म्हणून जगाला परिचित झाले. तात्पर्य, आडनाव हा व्यवहार आहे. तो ठेवताही येतो आणि बदलताही येतो. प्रश्न उरतो तो हेतूचा.

७) आडनाव बदलावे काय?

बदलाच्या बाजूने असे सांगितले जाते, की काही आडनावे मुळातच हिणवण्यासाठी पडलेली आहेत. ती का वाहावीत? हे म्हणणे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. दुसरे म्हणणे असे, की आडनाव कळताच वागणूक बदलते, म्हणून जात न कळेल असे आडनाव मुलाला द्यावे. या म्हणण्यामागचे दुःख आम्ही जाणतो. आपले मूल अपमानापासून वाचावे असे वाटणाऱ्या आईबापांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोष आडनाव लावणाऱ्याचा नसतो, ते ऐकून नाक मुरडणाऱ्याचा असतो.

तरीसुद्धा एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. लपविण्यासाठी घेतलेले आडनाव मुलाच्या पाठीवर एक ओझे ठेवते. ते कधीतरी उघड होईल या धास्तीत मूल वाढते. घरी कोण येते, भिंतीवर कोणाची तसबीर आहे, आजोबा 'जय भीम' मोठ्याने म्हणतात की हळू, याची त्याला चिंता लागते. अपमान बाहेरचा असतो तोवर त्याच्याशी लढता येते. तो घरात शिरला की स्वतःशीच लढावे लागते.

म्हणून आमचा विचार असा. आडनाव अपमानकारक असेल तर निःसंकोच बदलावे. मूळ गावाचे नाव किंवा धम्मातील आदराचे नाव घेण्याची इच्छा असेल तर तेही उत्तम. काही बांधवांनी गौतम, शाक्य, बौद्ध अशी आडनावे स्वीकारली आहेत. परंतु बदल करताना मुलाला त्याचे कारण अभिमानाने सांगता आले पाहिजे. 'आपण हे आडनाव का घेतले?' या त्याच्या प्रश्नाला 'कोणाला कळू नये म्हणून' असे उत्तर द्यावे लागणार असेल, तर थोडे थांबून पुन्हा विचार करावा. आणि जुने आडनाव चांगले असेल, तर ते ठेवण्यातही काही कमीपणा नाही. कांबळे, वाघमारे, सोनवणे या आडनावांचे डॉक्टर, प्राध्यापक, कवी, न्यायाधीश जितके होतील, तितका त्या आडनावांचा अर्थ बदलेल.

व्यवहाराची बाजूही ध्यानात ठेवावी. जातीच्या दाखल्यासाठी व पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदारास १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे व जातीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि नातवाच्या दाखल्यावर दुसरे असेल, तर दोन्हींना जोडणारा कागद हवाच. १९९० साली झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्या बौद्धांनाही केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्या केवळ कागदाच्या गोंधळाने हातच्या जाऊ नयेत. म्हणून आडनाव बदलायचे झाल्यास आधी आईवडिलांनी महाराष्ट्र शासन राजपत्रात रीतसर प्रसिद्ध करून बदलावे. शक्यतो सर्व भावंडांनी मिळून एकच आडनाव घ्यावे, राजपत्राच्या प्रती व वंशावळ जपून ठेवावी, आणि मगच बाळाची नोंद करावी.

८) आईचे नाव

सारिपुत्त हे नाव सर्वांना माहीत आहे. त्यांच्या आईचे नाव रूपसारी. सारीचा पुत्र म्हणून सारिपुत्त. भगवंतांचा अग्रश्रावक आईच्या नावाने अडीच हजार वर्षे ओळखला जातो. आपल्या महाराष्ट्रातही सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे लावीत. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या पुत्राची कीर्ती कोरून ठेविली आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावाची शासकीय दस्तऐवजांत नोंद बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने करावी. घराण्याचे नाव म्हणजे फक्त बापाकडचे नाव, ही समजूत यामुळे सैल होईल. ज्या आईने नऊ महिने पोटात वाढविले, तिचे नाव दाखल्यावर यायला इतका काळ लागला. बौद्ध कुटुंबांनी या क्रमाचे मनापासून स्वागत करावे. तसेच लग्नानंतर मुलीने आडनाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हेही आपल्या लेकींना सांगावे.

९) नाव निवडताना

पाली शब्दांवरून नाव ठेवण्याची हौस स्तुत्य आहे. बाबासाहेबांनी आपल्या घराला राजगृह, १९४६ च्या मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले. इमारतींची ही नावे पुढे पाळण्यांत आली. परंतु शब्द निवडताना पालीतील अर्थाबरोबर मराठीतील अर्थही पाहावा. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा हे चार ब्रह्मविहार आहेत. मैत्री, करुणा, मुदिता ही मुलींसाठी सुंदर नावे आहेत. उपेक्खा म्हणजे चित्ताची समता. पण तिचे मराठी रूप 'उपेक्षा' झाले की अर्थ हेळसांड असा होतो. खंती म्हणजे सहनशीलता ही पारमिता आहे. पण मराठी कानाला त्यात 'खंत' ऐकू येते. असे शब्द आचरणासाठी ठेवावेत, हजेरीपटासाठी नव्हे.

नाव लहान, उच्चारास सोपे आणि मुलाला स्वतः अर्थ सांगता येईल असे असावे. व्यक्तीवरून नाव ठेवल्यास तिचे चरित्र घरात माहीत असावे. मुलीचे नाव क्षेमा ठेवले, तर महाप्रज्ञावान भिक्षुणी क्षेमा कोण होती, हे आईला सांगता यावे. धम्मदिन्ना, पटाचारा, उत्पलवर्णा, सुजाता यांच्याविषयीही तसेच. तथागत, सम्यक संबुद्ध अशी भगवंतांची विशेषणे थेट मुलाला देण्यापूर्वी विचार करावा. तेच नाव घेऊन आपण त्याला रागावणार आहोत! आणि मोठे नाव ठेवून मुलाकडून मोठेपणाची वसुली करू नये. भीमराव नावाच्या मुलालाही गणितात कमी गुण मिळू शकतात. त्याला नावावरून टोमणा मारू नये.

ज्योतिषाकडून जन्माक्षर काढून आणण्याची प्रथा आमच्या काही घरांत अजून आहे. नक्खत्त जातकात वराकडील मंडळी नक्षत्र चांगले नाही म्हणून लग्नाला गेलीच नाहीत, आणि वधूचा विवाह दुसऱ्याशी झाला. नक्षत्रांची वाट पाहणाऱ्याचे काम निघून जाते, असा बोध तेथे आहे. अक्षर आवडीने निवडावे, भीतीने नव्हे.

१०) विधी आणि नोंदणी

नामकरण विधी साधा असावा. भन्ते किंवा बौद्धाचार्य यांच्या उपस्थितीत तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्प अर्पण करावे, त्रिशरण-पंचशील ग्रहण करावे, परित्राणपाठ व्हावा, आणि नाव व त्याचा अर्थ सर्वांसमक्ष जाहीर करावा. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगण्याची आपली घरगुती रीत यात सहज सामावते. अर्थ जाहीर करणे हा भाग मात्र बहुतेक ठिकाणी राहून जातो. तो अवश्य करावा.

जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तर जन्मनोंद नावाशिवायही होते व नाव नंतर घालता येते. पण ते एक वर्षाच्या आत घालावे, म्हणजे विलंब शुल्क पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, पारपत्र, आधार अशा अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा आहे. म्हणून मराठी व इंग्रजी दोन्ही लेखन पहिल्याच दिवशी अक्षर अन् अक्षर तपासून घ्यावे. दवाखान्यातील घाईत लिहिलेले एक चुकीचे अक्षर दुरुस्त करण्यासाठी पुढे मुलाला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

समारोप

बंधुभगिनींनो, आमच्या पूर्वजांना नाव निवडण्याचे स्वातंत्र्य नव्हते. आम्हांला ते आहे. ते आयते मिळालेले नाही. त्यासाठी महाडला लोकांनी डोकी फोडून घेतली आणि नागपूरला लाखोंनी नवा जन्म घेतला. या स्वातंत्र्याचा उपयोग आपण आपल्या लेकराला एक स्वच्छ, अर्थपूर्ण, मान ताठ ठेवणारे नाव देण्यासाठी करू या. आडनाव जुने असो वा नवे, ते लाजेने नव्हे तर समजून लावू या. पुढचे काम नाव करीत नाही, मूल करते. त्या मुलाला शिक्षण, शील आणि प्रज्ञा देणे हे आपल्या हाती आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न
१. आपल्या नावाचा अर्थ काय? ते कोणी व का ठेवले, हे घरी विचारून पाच ओळींत लिहा.
२. आपल्या घराण्यातील चार पिढ्यांची नावे, आयांच्या नावांसह, लिहून काढा. त्यांत काय बदल दिसतो?
३. नामसिद्धी जातकातील पापक आणि महावग्गातील जीवक यांच्या कथांतून नावाविषयी कोणते दोन वेगळे धडे मिळतात?
४. महासागराची उपमा आपल्या वर्गाला, वसतिगृहाला कशी लागू करता येईल?

भवतु सब्ब मंगलं।
जय भीम!